वायनाडच्या कॉफीमळ्यात, झाडावरच्या घरात: पहिल्यांदा जाणाऱ्या नागपूरकरांसाठी

वायनाडला ट्रीहाउस बुक करायचंय असं कोणी म्हटलं की मी आधी एवढंच सांगते: तिथे फिरायला जाऊ नका, राहायला जा. आपल्याकडे सुट्टी म्हणजे सकाळी सातला गाडी दारात, दुपारपर्यंत तीन पॉइंट, संध्याकाळी खरेदी. ट्रीहाउसचे पैसे मोजून असा दिवस काढलात तर झाडावर फक्त झोपायला याल, आणि तेवढी झोप खालच्या साध्या खोलीतही लागते. झाडावर राहण्याची मजा दुपारी तीन वाजता कळते, जेव्हा करायला काही नसतं आणि समोरच्या फांदीवर काहीतरी हललेलं दिसतं. तो वेळ हाताशी हवा असेल तर बरीचशी तयारी नागपुरात बसूनच करावी लागते.

वायनाड हा केरळच्या उत्तर भागातला डोंगरी जिल्हा, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० ते २१०० मीटर उंचीवर पसरलेला. कॉफी, मिरी, वेलदोडा, चहा, आलं, सगळं एकाच उतारावर दिसतं. हत्ती-रानडुकरांपासून पीक राखायला तिथले शेतकरी आणि आदिवासी पूर्वीपासून झाडावर बांबूचं खोपटं बांधत आले आहेत. त्याला तिकडे एरुमाडम म्हणतात. आपल्या विदर्भात जागलीला जाणारा शेतकरी मचाणावर बसतो, तेच काम. आजची पर्यटकांची ट्रीहाउसं त्याच खोपटाची सजवलेली, संडास-बाथरूमसह भावंडं आहेत. बुद्धपौर्णिमेला पेंच किंवा ताडोब्याच्या मचाणावर रात्र काढलेल्या माणसाला त्यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. फरक एवढाच की इथे गादी आहे आणि सकाळी कोणीतरी चहा आणून देतं.

पायरी १: आधी महिना ठरवा, मग जागा

आपली गडबड इथेच होते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जून संपत आल्यावर उघडतात. त्यामुळे जूनचा मधला आठवडा आपल्याला अजून सुट्टीतलाच वाटतो. नागपुरात तोवर घामाच्या धारा चालू असतात, केरळातले दर उतरलेले दिसतात, आणि लोक बुकिंग करून टाकतात. पण केरळात मोसमी पाऊस सरासरी १ जूनलाच दाखल होतो. घाटमाथ्यावरचं लक्किडी तर केरळातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, आणि बरीचशी ट्रीहाउसं त्याच वैथिरी-लक्किडीच्या पट्ट्यात आहेत.

जून ते ऑगस्ट तिकडे जाऊ नका असं मी स्पष्ट सांगते. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मेप्पाडीजवळ मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर दरड कोसळली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या उतारांवरून राहतं गाव वाहून गेलं. जोराच्या पावसात अशा डोंगरात राहायला जाणं म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणं आणि तिथल्या यंत्रणेवर आणखी भार टाकणं. पावसाळ्यात जळवाही इतक्या असतात की मळ्यात पाऊल टाकण्याची इच्छा होत नाही.

मग कधी जावं? मला विचाराल तर मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा मध्य. नागपुरात पारा चाळिशी गाठत असतो, तेव्हा तिथे रात्री पातळ चादर लागते. शिवाय वायनाडची कॉफी बहुतांशी रोबस्टा जातीची, आणि तिचा फुलोरा वळवाच्या पहिल्या सरींवर अवलंबून असतो. सर पडली की आठवडा-दीड आठवड्यात अख्खा मळा एकदम पांढरा होतो. पानांच्या बगलेत चिकटून बसलेले फुलांचे गेंद, मोगऱ्याकडे झुकणारा वास, आणि मधमाश्यांचा सततचा गुणगुणाट, कारण रोबस्टाला फळ धरायला परपरागीकरण लागतं. हे सगळं दोन-तीन दिवस टिकतं आणि मग फुलं तपकिरी पडतात. तारीख कोणालाच आधी सांगता येत नाही. मालकाला फोन करून 'पाऊस झाला का' एवढं विचारलंत तर थोडाफार अंदाज येतो.

मे महिना मुलांच्या सुट्टीमुळे सोयीचा असतो, फक्त दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो हे धरून चला. डिसेंबर-जानेवारीत कॉफीची तोडणी चालते, खळ्यांवर लाल-काळी बोंडं वाळत पडलेली असतात. मळा कामात असलेला पाहायचा असेल तर हाच हंगाम, पण तेव्हा नागपूरही छानच असतं, आणि नाताळच्या आठवड्यात तिकडे गर्दीही भरपूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीचा आणि ईशान्य मोसमी पाऊस संध्याकाळी हजेरी लावतो. दिवाळीत जाणाऱ्यांनी छत्री घेऊन जावं.

पायरी २: फोटो पाहून नको, फोन करून निवडा

ट्रीहाउस या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, खरोखर जिवंत झाडाच्या फांद्यांवर पेललेली खोली. दोन, लोखंडी खांबांवर उभी केलेली आणि झाडाला नुसती टेकलेली. तीन, सिमेंटच्या खांबांवरची खोली, जिच्याभोवती झाडं आहेत एवढंच. तिन्हींत वाईट असं काही नाही. म्हाताऱ्या आईवडलांना घेऊन जात असाल तर लोखंडी खांबांची खोली उलट बरी, कारण ती डोलत नाही. पण पैसे पहिल्याचे आणि खोली तिसरी असं होऊ नये, म्हणून फोनवर थेट विचारा: 'खोलीचं वजन झाडावर आहे की खांबांवर?' खरं बांधणारा माणूस या प्रश्नाने खुलतो आणि झाडाचं नावसुद्धा सांगतो. फणस, आंबा, सिसव असं काहीतरी.

मग जमिनीपासून उंची किती आणि वर जायचं कसं, हे विचारा. वीस फुटांवरचं आहे की साठ, यावर सगळं ठरतं. चढायला शिडी आहे, गोल जिना आहे की झुलता पूल? डोंगरउतारावरची काही ट्रीहाउसं पुढून पाहिली तर चाळीस फूट उंच असतात, पण मागे टेकडीच्या बाजूने सपाट पुलावरून सरळ आत जाता येतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी अशी जागा मुद्दाम शोधा.

संडास वर आहे की खाली? रात्री दोन वाजता साठ पायऱ्या उतरून मळ्यात जावं लागणार असेल तर ते बुकिंगच्या आधी कळायला हवं. गरम पाणी कधी मिळतं? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? जेवण दरात धरलेलं आहे की वेगळं? कर धरून एकूण किती? विजा चमकायला लागल्या तर पाहुण्यांना कुठे हलवता? या शेवटच्या प्रश्नावर जो 'काही होत नाही हो' म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नका. चांगल्या जागी खाली एक पक्की खोली राखून ठेवलेली असते आणि ते ती आपणहून सांगतात.

परवान्याची चौकशी करायला संकोच वाटतो, तरी कराच. जानेवारी २०२१ मध्ये मेप्पाडीजवळ तंबूत उतरलेल्या एका पर्यटक महिलेचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, आणि त्यानंतर अशा उघड्यावरच्या मुक्कामांकडे प्रशासनाने कडक नजरेने पाहायला सुरुवात केली. पंचायतीचा परवाना आहे का, मळ्याला कुंपण किंवा चर आहे का, रात्री माणूस राखणीला असतो का, हे विचारल्याने कोणी रागावत नाही.

बुकिंग किती रात्रींचं करावं? एका रात्रीचं मुळीच नको. पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो, पहिल्या रात्री नव्या आवाजांनी झोप नीट लागत नाही, आणि सकाळी दहाला खोली सोडायची वेळ येते. तीन रात्री जमल्या तर उत्तम. खर्च जास्त वाटत असेल तर दोन रात्री झाडावर आणि एक रात्र त्याच मळ्यातल्या खालच्या खोलीत, असं मालक आनंदाने जमवून देतात. खालची रात्र पहिली ठेवा. प्रवासाचा शीण तिथे निघतो आणि वर जाल तेव्हा डोळे उघडे असतात.

पायरी ३: घरातलं कोण कोण वर राहू शकेल?

पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर माझं मत, दोन-तीन वर्षं थांबा. कठड्याच्या दोन आडव्या बांबूंमधून लहान मूल सहज सरकू शकतं आणि मग आईवडलांचा पूर्ण वेळ हात धरण्यातच जातो. उंचीची भीती असणाऱ्याला 'तिथे गेल्यावर जाईल' असं सांगून नेऊ नका. ती जात नाही. आपल्याला भीती आहे का हे तपासायला चिखलदऱ्याला जाऊन या. नागपूरहून साडेचार-पाच तासांत पोचता येतं, उंची ११०० मीटरच्या वर, आणि महाराष्ट्रात कॉफी होते ते गाव हेच. तिथे दरीच्या काठावरच्या मनोऱ्यावर चढून ज्याचे पाय थरथरतात, त्याच्यासाठी वायनाडमध्ये खालची खोली घ्या. त्यात कमीपणा नाही. मळा सगळ्यांचा सारखाच.

पायरी ४: जायचं कसं

वायनाड जिल्ह्यात रेल्वे नाही. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा हिशेब सोपा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी सगळ्यांत सरळ गाडी म्हणजे दिल्लीहून तिरुवनंतपुरमला जाणारी केरळ एक्सप्रेस. ती नागपूरला थांबते, बल्लारशा, वारंगळ, विजयवाडा, कोइंबतूर करत दुसऱ्या दिवशी पालक्काडला पोचते. एक रात्र गाडीत. पालक्काडला उतरून कोळिकोडची गाडी घ्यायची आणि कोळिकोडहून टॅक्सीने किंवा बसने तामरशेरी घाट चढायचा. घाटात नऊ मोठी वळणं आहेत. आपण सपाटीवरची माणसं, वर्धा रोडने कितीही गाडी चालवली तरी पोटाला घाटाची सवय नसते. उलटीची गोळी घाटाच्या पायथ्याशी घेऊन उपयोग नाही, अर्धा-पाऊण तास आधी घ्या. शनिवार-रविवारी आणि सणाच्या सुट्ट्यांत या घाटात वाहनं तासन्‌तास अडकतात, म्हणून मधल्या वारी पोचेल असं तिकीट काढा. सुट्टीतली आरक्षणं लवकर भरतात. खिडकी उघडते त्या दिवशीच तिकीट काढणारा माणूस घरात ठरवून ठेवा.

दुसरा रस्ता बेंगळुरूवरून. नागपूरहून तिथे विमान आहे, राजधानी आणि संघमित्रासारख्या गाड्याही आहेत. बेंगळुरू ते म्हैसूर द्रुतगती रस्ता, आणि म्हैसूरहून गुंडलुपेट, बंदीपूर, मुत्तंगा करत वायनाडमधलं सुलतान बत्तेरी. हा राष्ट्रीय महामार्ग ७६६ बंदीपूरच्या जंगलातून जातो, आणि रात्री ९ ते सकाळी ६ तिथे खासगी वाहनांना बंदी आहे. विमान संध्याकाळी उतरत असेल तर रात्री निघण्याचा हट्ट नको. म्हैसूरला मुक्काम करा, सकाळी सहा-सातला निघा. त्या वेळी रस्त्याच्या कडेला चितळं हमखास, आणि नशीब असेल तर हत्तीही दिसतात. काच वर ठेवा आणि गाडी थांबवू नका.

नागपूरहून स्वतःची गाडी काढायची का, हे बरेच जण विचारतात. बेंगळुरूच हजार-अकराशे किलोमीटर आहे. ज्यांना गाडी चालवणं हीच सुट्टी वाटते त्यांनी जावं. विश्रांतीसाठी निघालेल्यांनी नाही.

पायरी ५: बॅग

चाकांची मोठी सुटकेस नको. जिन्यावरून ती कोणाला तरी डोक्यावर न्यावी लागते. पाठीवरची सॅक किंवा मऊ बॅग घ्या. सुती कपडे भरपूर घेऊ नका, दमट हवेत ते वाळत नाहीत. पटकन वाळणारे दोन-तीन जोड, पूर्ण बाह्यांचे शर्ट, पायघोळ पँट, तळव्याला पकड असलेले बूट. डिसेंबर-जानेवारीत एक स्वेटर.

डोक्याला बांधायचा टॉर्च ही चैन नाही, कारण जिन्यावर दोन्ही हात मोकळे हवेत. स्टीलची पाण्याची बाटली, थोडी रोख रक्कम, रेंज नसेल तेव्हासाठी बुकिंगचे कागद छापून. सोबत मिठाची पुरचुंडी ठेवा. पाऊस झालेल्या मळ्यात जळू लागली तर ओढून काढू नका, मीठ लावा किंवा नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. गोचिडांबाबत मात्र गांभीर्याने वागा. वायनाडमध्ये माकडताप आढळलेला आहे आणि तो गोचिडांतून पसरतो, कोरड्या महिन्यांत जास्त. मळ्यातून आल्यावर अंघोळ करा, कपडे वेगळे टाका, गुडघ्यामागे आणि काखेत नीट बघा. परतल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना 'वायनाडला गेलो होतो' हे आवर्जून सांगा.

मच्छर अगरबत्ती, उदबत्ती, निरांजन घरी ठेवा. लाकूड, बांबू आणि गवताच्या घरात ठिणगी नको. देवाला नमस्कार हात जोडूनही पोचतो.

चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तीळ-जवसाची चटणी न्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात. उघडा पुडा राहिला तर पंधरा मिनिटांत मुंग्यांची रांग लागते आणि मागोमाग खारी येतात.

पायरी ६: वर गेल्यावर पहिला अर्धा तास

सामान ठेवून लगेच फोटो काढायला लागू नका. आधी खोली बघा. झाडाचं खोड जिथे खोलीच्या फळ्यांतून वर येतं किंवा छतातून बाहेर जातं, तिथे वाकून पाहा. खोड आणि फळी यांच्यात दोन-चार बोटं मोकळी जागा असायला हवी. झाड वाऱ्याने हलतं आणि दरवर्षी जाड होतं, त्याला ती जागा लागते. फळी खोडाला घट्ट आवळलेली असेल तर एक दिवस झाड तरी सोलवटेल किंवा फळी तरी फुटेल. चांगल्या बांधणीत त्या फटीभोवती रबराची झालर असते, कारण पावसाचं पाणी खोडावरून ओघळत थेट खोलीत येतं. दोरखंड असतील तर तेही बघा: साल आणि दोर यांच्यात रबर किंवा लाकडी गुटके आहेत का? आवळलेला दोर वाढत्या झाडाचा गळा घोटतो आणि झाड वरून वाळायला लागतं.

मग कठडा हाताने हलवून पाहा. जिन्याची प्रत्येक पायरी दिवसाउजेडी एकदा मोजून उतरा आणि चढा. रात्री पावलांना ती लक्षात राहते. काही डळमळीत वाटलं तर तिथल्या तिथे सांगा. तिथली माणसं मनमिळाऊ असतात. थोरल्या पुरुषाला 'चेट्टा', बाईला 'चेच्ची' म्हटलंत की बोलणं सुरू होतं, पुढचं हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणावर निभावतं.

खोली डोलते. वारा सुटला की फळ्या करकरतात आणि पलंग बोटभर सरकल्यासारखा वाटतो. जिवंत झाडावरच्या खोलीने असं करणंच अपेक्षित आहे, लवचीकपणावरच ती टिकते. पण ढग दाटून गडगडाट सुरू झाला तर निरोपाची वाट न पाहता खाली उतरा. केरळात एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला दुपारी दोन ते रात्री दहा हा विजांचा काळ धरतात. या वेळात मोबाइल चार्जिंगला लावू नका आणि अंघोळीला जाऊ नका.

पायरी ७: दिवस कसा घालवायचा

पहाटे साडेपाच-सहाला जागे व्हा, पण उठू नका. अंधार फिटताना कोणीतरी रस्त्याने शीळ घालत चाललंय असं वाटेल. सूर पक्का न धरलेला, मध्येच सोडलेला, पुन्हा उचललेला. तो माणूस नसतो, शीळकरी कस्तूर असतो. ओढ्याकाठी राहणारा निळसर काळा पक्षी. उजाडलं की मलबारी राखी धनेशाची खिदळल्यासारखी हाक येते. आणि आपलं शेकरू! महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून शाळेत पाठ केलेलं शेकरू महाराष्ट्रात पाहायला भीमाशंकरसारख्या जंगलात जावं लागतं. इथे तेच कठड्यापासून पाच-सहा हातांवर फणसाच्या फांदीला मागच्या पायांनी लटकून, पुढच्या दोन पंजांत काहीतरी धरून कुरतडत बसलेलं दिसतं. शेपूट अंगापेक्षा लांब, तांबूस-काळी. हललात की ते एका झेपेत पलीकडच्या झाडावर जातं. खायला काही टाकू नका. सवय लागली की ते खोलीत शिरतं.

नाश्त्यानंतर मळ्यातून एक फेरी, मालकाबरोबर किंवा तिथल्या कामगाराबरोबर. एकटे जाऊ नका. गाइडबिईड नको, रोज तिथे काम करणारा माणूस हवा. सिल्व्हर ओक आणि पांगाऱ्याच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल तो दाखवेल. हिरवे घोस आणि त्यातले एक-दोन लाल झालेले दाणे दिसले की घोस तोडायला आला असं समजतात. तेच दाणे उन्हात वाळून काळी मिरी होते, आणि लाल दाण्याची साल भिजवून काढली की पांढरी. एक हिरवा दाणा चावून बघा. तिखट लागायला क्षणभर उशीर होतो. वेलदोडा कुठे लागतो हे बहुतेकांना माहीत नसतं: झाडाच्या शेंड्याला नाही, बुंध्याशी, जमिनीलगत निघालेल्या तुऱ्यांवर. सावलीची मोठी झाडं का ठेवलीत, कॉफी किती वर्षांनी छाटतात, यंदा भाव काय मिळाला, असं सगळं विचारा. शेतकऱ्याला शेताबद्दल विचारलं की तो फुलतो, संत्र्याच्या बागेतला काटोलचा असो की कॉफीच्या मळ्यातला कल्पेट्ट्याचा. वायनाडच्या रोबस्टा कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नागपूरच्या संत्र्यालाही ते आहे, बोलायला विषय मिळतो.

दुपार रिकामी ठेवा. खरोखर रिकामी. मुलं पहिल्या दिवशी 'बोअर होतंय' म्हणतील, त्यांना म्हणू द्या. पत्ते, एखादं पुस्तक, दुर्बीण, चित्रकलेची वही पुरते. मोबाइलला रेंज कमीच असते, त्याचा फायदा घ्या. कार्यालयात निघण्याआधीच सांगून ठेवा की संध्याकाळी एकदा खाली उतरून निरोप बघेन.

बाहेर पडायचंच असेल तर तीन रात्रींत एक सकाळ, त्याहून जास्त नाही. ती एडक्कलला द्या. अंबुकुत्ती डोंगरावरच्या त्या कपारीत नवाश्मयुगीन मानल्या जाणाऱ्या कोरीव आकृत्या आहेत, माणसं, प्राणी, चिन्हं. चढ दमवणारा आहे, सकाळी लवकर जा, जेवणापर्यंत झाडावर परत.

जेवणाबद्दल दोन शब्द

पोळीची आशा धरू नका. मिळाली तर मैद्याचा परोटा मिळेल. भात जाड, लालसर, भरपूर खाल्ला तरी पोटाला जड न होणारा. सकाळी पुट्टू, म्हणजे तांदळाचं पीठ आणि खोबरं वाफवून केलेला पदार्थ, आणि काळ्या हरभऱ्याची उसळ, किंवा अप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू. खोबरेल तेलाचा वास पहिल्या जेवणाला जाणवतो, तिसऱ्याला जाणवत नाही. सावजीच्या तिखटाची सवय असलेल्यांना हे सौम्य वाटेल. घरची चटणी तिथे कामी येते. टेबलावर गुलाबी रंगाचं कोमट पाणी ठेवलं तर सरबत समजू नका आणि परतही पाठवू नका. ते पतिमुगम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं पिण्याचं पाणी असतं. संध्याकाळी सुंठ-मिरी-गुळाची चुक्कु काप्पी मागा, पाऊस असेल तर नक्कीच. शुद्ध शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. मासे त्यांच्याकडे रोजचेच.

रात्री

जेवणं साडेआठपर्यंत उरकून वर या, आणि मग सकाळपर्यंत खाली नाही. मळ्यात रात्री फिरणं, चांदण्यात शतपावली, हे पूर्ण टाळा. एप्रिल-मे-जूनमध्ये पिकलेल्या फणसाच्या वासावर हत्ती वस्तीपर्यंत येतात. ट्रीहाउसचंच झाड फणसाचं असेल तर फळं वेळेवर उतरवली आहेत का, हे मालकाला विचारा. दारू पिऊन जिना चढू नका. मोठ्याने गाणी लावू नका. रातकिड्यांचा आवाज इतका असतो की पहिल्या रात्री तोच त्रास वाटतो आणि दुसऱ्या रात्री त्याच्यावरच झोप लागते. छतावर धावपळ ऐकू आली तर ती बहुधा उंदराची किंवा उदमांजराची. दार लावलेलं असलं की झालं.

निघताना

कॉफी आणि मिरी मळ्यातूनच घ्या. रस्त्यावरच्या मसाल्यांच्या दुकानांपेक्षा माल ताजा मिळतो आणि पैसे पिकवणाऱ्याच्या हातात जातात. कॉफी घेताना विचारा, शुद्ध आहे की चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड, घातलेली? दोन्ही चालतात, पण फिल्टर कॉफीची सवय नसलेल्या घरात निव्वळ रोबस्टा कडक लागते. थोडी चिकोरी असलेली, किंवा भरपूर दुधाची तयारी ठेवा. घरी दळायची सोय असेल तर भाजलेले आख्खे दाणेच घ्या, पूड लवकर उतरते. मिरीचे मूठभर दाणे पाण्यात टाकून बघा. भरलेला दाणा बुडतो. पोकळ दाणे आणि भेसळीच्या पपईच्या बिया तरंगतात.

परतीचं तिकीट पालक्काडहून असेल तर मळ्यातून पहाटेच निघा, घाटात खोळंबा झाला तरी गाडी चुकत नाही. आणि नागपूरला पोचल्यावर कॉफीचं पाकीट ओट्याशेजारी किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. हवाबंद डब्यात घालून घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कपाटात ठेवा, आणि महिन्याभरात संपवा.